युरोपात न्हावी ऑपरेशनं का करायचे? बार्बर-सर्जनबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

या विषयावर लोक सतत काही ना काही विचारत असतात, आणि बरेचसे प्रश्न तेच असतात, म्हणून सगळे एका जागी लिहून काढलेत. सुरुवातीला साधे प्रश्न आहेत, पुढे पुढे जरा अडचणीचे. एकाचं उत्तर दुसऱ्यात येत असेल तिथे नंबर दिलाय, तिकडे जाऊन वाचा.

१. बार्बर-सर्जन म्हणजे नक्की कोण, न्हावी का डॉक्टर?

न्हावी आणि सर्जन, दोन्ही. साधारण तेराव्या शतकापासून अठराव्या शतकापर्यंत युरोपात असे लोक होते जे एकाच दुकानात दाढी करायचे, केस कापायचे आणि तिथेच गळू फोडायचे, दात उपटायचे, जखम शिवायचे, मोडलेलं हाड बसवायचे. डॉक्टर मात्र ते नव्हते, आणि हे आधी डोक्यात पक्कं करा कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. तेव्हाचा डॉक्टर म्हणजे फिजिशियन, युनिव्हर्सिटीत लॅटिन पुस्तकं वाचून आलेला, हिपोक्रेटिस आणि गेलन हे प्राचीन ग्रीक वैद्य तोंडपाठ, लघवीचा रंग बघणार, नाडी बघणार, पथ्य आणि औषध सांगणार आणि फी पण तशीच घेणार. रक्तापुवात हात घालणं त्याला कमीपणाचं वाटायचं. शिवाय असे शिकलेले डॉक्टर शहरात मोजकेच, त्यामुळे सामान्य माणसाला काही लागलं कापलं तर घरातल्या बायका किंवा सुईण सोडली तर बार्बर-सर्जन हाच काय तो आधार होता.

२. चर्चने पाद्र्यांना रक्त सांडायला बंदी केली आणि मग हे काम न्हाव्यांकडे गेलं, असं वाचलंय. खरं आहे का?

अर्धं खरं. मध्ययुगात मठांमध्ये औषधोपचार चालायचे आणि साधूंना डोक्याचा मधला भाग तासून घ्यावा लागायचा, म्हणजे मठात न्हावी लागायचाच. ठरावीक दिवसांनी साधूंचं रक्त काढायची पण पद्धत होती, आणि ज्याच्या हातात आधीच धारदार वस्तरा आहे आणि तो स्थिर हातानं चालवता येतो त्याच्याकडे हे काम जाणं साहजिक होतं.

बंदीचं म्हणाल तर १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेत (चर्चच्या मोठ्या सभेत) एक नियम झाला की वरच्या दर्जाच्या पाद्र्यांनी कापाकापी किंवा डाग देण्याची सर्जरी करू नये. एवढंच. सगळ्या चर्चने सर्जरीकडे पाठ फिरवली असं काही त्यात नाही. आणि ते 'चर्चला रक्ताचा तिटकारा आहे' हे लॅटिन वाक्य जे सगळीकडे ११६३ च्या तूर परिषदेच्या नावावर खपवलं जातं ते त्या परिषदेच्या ठरावात सापडतच नाही, ते फार नंतरच्या लेखकांनी चिकटवलंय. तूरच्या ठरावाचा रोख होता तो मठ सोडून वैद्यक आणि कायदा शिकायला बाहेर जाणाऱ्या साधूंवर. त्यामुळे 'बंदी आली आणि दुसऱ्या दिवशी न्हावी सर्जन झाले' ही गोष्ट सोडून द्या, हे हळूहळू झालं. तेराव्या शतकाच्या शेवटी मिलानहून पॅरिसला आलेला लानफ्रांक नावाचा सर्जन तक्रार करतो की शिकलेल्या सर्जननी रक्त काढण्यासारखी कामं न्हाव्यांवर सोडून दिली, म्हणजे पाद्री सोडा, सर्जन स्वतःच हात झटकत होते.

३. दुकानात रोज काय काय चालायचं?

दाढी आणि केस हे रोजचं उत्पन्न. त्याशिवाय रक्त काढणं, तुंबड्या लावणं, जळवा लावणं, दात उपटणं, करट आणि गळू फोडणं, जुने चिघळलेले व्रण धुऊन मलमपट्टी करणं, निखळलेला सांधा बसवणं, मोडलेल्या हाडाला फळ्या बांधणं, एनिमा देणं. मारामाऱ्या खूप व्हायच्या, त्यामुळे सुऱ्याचे वार आणि फुटलेली डोकी पण यायची. १४९५ नंतर युरोपभर गरमीची (सिफिलिसची) साथ पसरली आणि पाऱ्याचं मलम चोळायचं मोठं काम यांच्याकडे आलं, डॉक्टर लोक त्या पेशंटला हात लावायला तयार नसायचे.

पोट उघडणं, छाती उघडणं यात ते सहसा पडायचे नाहीत. शरीराचं बाहेरचं ते सर्जनचं, आतलं ते फिजिशियनचं अशी वाटणीच होती. हातपाय कापायची वेळ आली तर कापायचे, ते सगळ्यात शेवटी.

४. रक्त काढून काय मिळायचं? लोकांना कळत नव्हतं का?

तेव्हाच्या समजुतीप्रमाणे शरीरात रक्त, कफ, पिवळं पित्त आणि काळं पित्त असे चार द्रव, त्यांचा तोल गेला की आजार. ताप आला, अंग लाल झालं म्हणजे रक्त जास्त झालं, मग ते काढून टाका. हे न्हाव्यांनी काढलेलं खूळ नव्हे, हे गेलनपासून चालत आलेलं अगदी युनिव्हर्सिटीत शिकवलं जाणारं शास्त्र होतं, डॉक्टर सांगायचा किती आणि कुठून काढायचं आणि न्हावी काढायचा. त्यामुळे रक्तस्रावाचं सगळं पाप न्हाव्यांच्या माथी मारतात ते मला अजिबात पटत नाही.

पद्धत अशी: दंडाला पट्टी आवळून बांधायची, पेशंटच्या हातात एक दांडा द्यायचा, तो घट्ट पकडला की कोपराजवळची शीर फुगते, मग लॅन्सेट नावाच्या बारीक सुरीनं शीर उघडायची आणि रक्त वाडग्यात धरायचं. कुठल्या दिवशी कुठली शीर उघडायची हे पण ठरलेलं. यॉर्कच्या बार्बर-सर्जन लोकांचं पंधराव्या शतकातलं एक हस्तलिखित आहे, त्यात माणसाच्या चित्रावर बारा राशी काढल्यात, चंद्र ज्या राशीत असेल तिच्या अवयवाला सुरी लावायची नाही, आणि चंद्र कुठे आहे ते काढायला फिरती चकती पण आहे. आपल्याकडे मुहूर्तासाठी पंचांग उघडतात तसा त्यांचा हा रोजचा हिशोब.

लोकांना याने बरं वाटायचं हेही खरं. लंडनचा सॅम्युअल पेपिस १६६२ च्या डायरीत लिहितो की सर्जन हॉलिअरने येऊन त्याचं साधारण १६ औंस रक्त काढलं, म्हणजे जवळजवळ अर्धा लिटर, आणि तो कुरकुरत नाही.

बंद कधी झालं? एकदम नाही. १८३३ मध्ये एकट्या फ्रान्सने चार कोटींच्या वर जळवा आयात केल्या, म्हणजे बार्बर-सर्जन संपून गेले तरी प्रकार जोरात होता. १८३५ च्या सुमारास पॅरिसच्या प्येर लुई या डॉक्टरने न्यूमोनियाच्या ७७ पेशंटचे आकडे मांडून दाखवलं की रक्त काढल्याने सांगतात तसा फायदा दिसत नाही, तिथून हळूहळू विश्वास उडायला लागला.

५. सलूनच्या बाहेरचा लाल-पांढरा खांब याच्यामुळेच ना?

सगळ्यात प्रचलित स्पष्टीकरण तेच आहे: खांब म्हणजे पेशंटच्या हातातला दांडा (प्रश्न ४), लाल म्हणजे रक्त, पांढरं म्हणजे वाळत घातलेल्या पट्ट्या. अमेरिकेत निळा पट्टा दिसतो, तो कोणी म्हणतं शिरांचा, कोणी म्हणतं झेंड्याच्या रंगामुळे.

त्याआधीची जाहिरात मात्र जास्त थेट होती. लंडनचे न्हावी काढलेलं रक्त वाडग्यात भरून खिडकीत ठेवायचे. १३०७ मध्ये शहराने नियम काढला की खिडकीत रक्त ठेवायचं नाही, गुपचूप नेऊन थेम्स नदीत टाकायचं.

६. ट्रेनिंग काय असायचं? की कोणीही वस्तरा उचलून सुरू करायचं?

कोणीही नाही, आणि हाच मुद्दा लोकांना सगळ्यात कमी माहीत असतो. शहरोशहरी गिल्ड होत्या, म्हणजे धंद्याची संघटना, तिच्या परवानगीशिवाय दुकान टाकता यायचं नाही. पोरगा लहानपणी उस्तादाच्या घरी राहायला जायचा, लंडनमध्ये साधारण ७ वर्षं, आधी झाडलोट आणि साबणाचा फेस, मग दाढ्या, मग जखमा धुणं, पट्ट्या बांधणं, मग कधीतरी शीर उघडणं. नंतर परीक्षा. नेदरलँड्समध्ये परीक्षेला स्वतःच्या हातानं लॅन्सेट बनवून, धार लावून दाखवाव्या लागायच्या आणि त्यांनी रक्त काढून दाखवावं लागायचं. मला ही परीक्षा फार आवडते, कारण हत्याराची धार चुकली तर शीर फाटते हे त्यांना पुस्तकाशिवाय माहीत होतं.

एडिंबराची सनद १ जुलै १५०५ ची. तिच्यात लिहिलंय की मेंबर होणाऱ्याला लिहितावाचता यायला हवं, शरीररचना आणि शिरा कुठून जातात ते माहीत हवं, आणि शिकायला म्हणून दरवर्षी फाशी दिलेल्या एका माणसाचं प्रेत त्यांना मिळेल. शहरात व्हिस्की बनवायचा आणि विकायचा हक्क पण त्याच सनदेत फक्त त्यांना दिलाय, तेव्हा ती औषधात धरायचे. आजचं एडिंबराचं रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्स स्वतःची सुरुवात याच सनदेपासून मोजतं.

देखरेख पण होती. लंडनमध्ये पेशंट दगावेल असं वाटलं तर गिल्डच्या वरिष्ठांना आधी कळवून दाखवायचं असा नियम होता, न कळवता पेशंट गेला तर दंड. आणि १५११ च्या कायद्याप्रमाणे लंडनमध्ये सर्जरी करायला बिशपकडून लायसन्स लागायचं, बिशपने तज्ज्ञ लोक बसवून परीक्षा घ्यायची.

७. मग नुसता सर्जन आणि बार्बर-सर्जन यात फरक काय?

मोठ्या शहरात तीन थर होते. वर फिजिशियन, मध्ये शिकलेले सर्जन (थोडे, मानी), खाली बार्बर-सर्जन. पॅरिसमध्ये तर कपड्यावरून ओळखायचे: सेंट कॉमच्या मंडळाचे सर्जन लांब झग्याचे, न्हावी आखूड झग्याचे. युनिव्हर्सिटीतले डॉक्टर दोघांना एकमेकांविरुद्ध खेळवायचे, सर्जन डोईजड झाले की मुद्दाम न्हाव्यांना शरीररचनेचे धडे द्यायचे. दोनेक शतकं ही भांडणं चालली.

लंडनमध्ये न्हाव्यांची गिल्ड जुनी, १३०८ ला रिचर्ड नावाच्या न्हाव्याला सगळ्या न्हाव्यांवर देखरेखीला नेमल्याची नोंद आहे, १४६२ ला चौथ्या एडवर्डने सनद दिली. सर्जनची वेगळी छोटी संघटना होती. १५४० ला आठव्या हेन्रीने कायदा करून दोन्ही एकत्र केल्या आणि मग गंमत बघा, एकत्र करणाऱ्या त्याच कायद्यात लिहिलं की सर्जनने दाढी करायची नाही आणि न्हाव्याने दात काढण्यापलीकडे सर्जरी करायची नाही. कागदावर असं, लहान गावात मात्र एकच माणूस सगळं करत राहिला.

८. आंब्रुआझ पारे एवढा प्रसिद्ध का?

कारण तो न्हाव्याच्या हाताखाली शिकून चार फ्रेंच राजांचा सर्जन झाला, आणि कारण त्याने जे बघितलं ते लिहून ठेवलं, लॅटिनमध्ये नाही, फ्रेंचमध्ये. जन्म साधारण १५१०, लावाल गावाजवळ. पॅरिसच्या ओतेल-द्यू हॉस्पिटलमध्ये काही वर्षं राहिला आणि मग सैन्याबरोबर गेला.

तेव्हा बंदुका नवीन होत्या आणि पुस्तकात लिहिलेलं होतं की दारूगोळ्याची जखम विषारी असते, तिच्यात उकळतं तेल ओता. पारे पण ओतायचा. १५३७ च्या सुमारास ट्यूरिनच्या मोहिमेत जखमी इतके आले की तेल संपलं. राहिलेल्या शिपायांना त्याने अंड्याचा बलक, गुलाबाचं तेल आणि टर्पेंटाइन कालवून लावलं, आणि रात्रभर झोपला नाही, सकाळी ही माणसं विषाने मेलेली सापडतील म्हणून. पहाटेच उठून बघायला गेला तर मलमवाले शांत झोपलेले, जखमेला सूज कमी, आणि तेलवाले तापाने फणफणलेले, वेदनेने तळमळणारे. त्याने ठरवलं की यापुढे असं भाजायचं नाही. १५४५ ला त्यावर पुस्तक काढलं.

दुसरं मोठं काम म्हणजे पाय कापल्यावर रक्त थांबवायला तापलेल्या लोखंडाचा डाग देण्याऐवजी धमन्या दोऱ्याने बांधणं, १५५२ मध्ये दांव्हिलेच्या वेढ्यात त्याने हे केलं. बांधायची कल्पना जुन्या पुस्तकांत होती, पण पाय कापताना रणभूमीवर करून दाखवणं वेगळं. कृत्रिम हातपाय बनवून घेतले, पोटात बाळ आडवं आलं तर आत हात घालून फिरवून पायाकडून बाहेर काढायची जुनी युक्ती परत वापरात आणली.

१५५४ ला लांब झग्यावाल्यांनी त्याला आपल्यात घेतलं तेव्हा लॅटिन न येणारा माणूस म्हणून डॉक्टरांनी आरडाओरडा केला, १५७५ ला समग्र ग्रंथ आला तेव्हा परत तेच. आणि पारेचं ते वाक्य, 'मी त्याची मलमपट्टी केली, देवाने त्याला बरं केलं', तो ते खरंच मनापासून लिहायचा. १५९० ला पॅरिसमध्ये गेला.

सगळ्यांना वाचवलं असं नाही हं. १५५९ ला फ्रान्सचा राजा दुसरा हेन्री घोड्यावरच्या खेळात भाल्याचा तुकडा डोळ्याजवळ घुसून जखमी झाला, पारे होता, ब्रसेल्सहून शरीररचनेचा मोठा जाणकार वेसॅलियस पण आला, राजा तरी गेलाच.

९. भूल नव्हती तर ऑपरेशन सहन कसं करायचे?

माणसं धरून ठेवायची, बांधून ठेवायची आणि हात जोरात चालवायचा. दारू, अफू थोडीफार द्यायचे पण डोस चुकला तर माणूस उठायचाच नाही, म्हणून खरा भरवसा वेगावर. ईथर आलं १८४६ ला, म्हणजे बार्बर-सर्जन काळ संपल्यावर शंभर वर्षांनी.

पेपिस (प्रश्न ४) याचं सगळ्यात चांगलं उदाहरण. त्याच्या मूत्राशयात टेनिसच्या चेंडूएवढा खडा होता, २६ मार्च १६५८ ला त्याच हॉलिअरने तो काढला. पेपिस वाचला, खडा जपून ठेवला, त्याला खास डबी करून घेतली आणि पुढे दरवर्षी त्या तारखेला जेवण द्यायचा. अठराव्या शतकात लंडनचा विल्यम चेसल्डन हेच ऑपरेशन साधारण एका मिनिटात उरकायचा.

फ्रान्सचा चौदावा लुई, त्याला भगंदर झालं होतं. शार्ल-फ्रांस्वा फेलिक्स या त्याच्या सर्जनने आधी हॉस्पिटलमधल्या गरीब पेशंटवर सराव केला (ते लोक किती भोगले असतील याचा विचार कोणी करत नाही, मला तो भाग वाचवत नाही), वेगळी वाकडी सुरी बनवून घेतली आणि १८ नोव्हेंबर १६८६ ला व्हर्सायला राजाचं ऑपरेशन केलं. यशस्वी झालं आणि फ्रान्समध्ये सर्जनकडे बघायची नजरच बदलली, त्याचा परिणाम प्रश्न १३ मध्ये.

१०. जहाजांवर पण बार्बर-सर्जन असायचे का? त्यांच्या खऱ्या वस्तू कुठे मिळाल्यात का?

हो, आणि सगळ्यात भारी पुरावा जहाजातूनच आलाय. आठव्या हेन्रीचं 'मेरी रोझ' १९ जुलै १५४५ ला पोर्ट्समथजवळ बुडालं, १९८२ ला वर काढलं. त्यात बार्बर-सर्जनची केबिन जशीच्या तशी होती आणि एका लाकडी पेटीत ६० च्या वर वस्तू: वस्तऱ्यांच्या मुठी (पोलादी पाती गंजून गेली), मलमाचे लाकडी डबे, बाटल्या, रक्त धरायचं वाडगं, मूत्रमार्गात औषध सोडायची धातूची पिचकारी. एका मलमात बोटांचे ठसे अजून दिसतात. पेटीबरोबर काळ्या मखमलीची टोपी मिळाली, अगदी तशीच टोपी लंडनच्या बार्बर-सर्जन कंपनीच्या (म्हणजे १५४० ला एकत्र झालेल्या त्या गिल्डच्या) चित्रात (प्रश्न २०) सर्जन लोकांच्या डोक्यावर आहे.

इंग्लिश ईस्ट इंडिया कंपनीने तर मुख्य सर्जन म्हणून जॉन वुडॉल हा लंडनच्या बार्बर-सर्जन कंपनीतलाच माणूस नेमला. १६१७ ला त्याने जहाजावरच्या पोरसवदा सर्जनसाठी पुस्तक लिहिलं, पेटीत काय काय हवं, अवयव कसा कापायचा, आणि हिरड्या सडवणाऱ्या स्कर्व्हीवर लिंबाचा रस द्या. ब्रिटिश नौदलाने लिंबू नियमाने द्यायला त्यानंतर पावणेदोनशे वर्षं घेतली. सुरतेकडे येणाऱ्या जहाजांवर याच पेट्या असायच्या.

११. मुडदे कापायचा हक्क यांना कसा मिळाला? आणि रेम्ब्रांटच्या त्या चित्रातले लोक हेच का?

एडिंबराचं वर आलंच. लंडनमध्ये १५४० च्या कायद्याने दरवर्षी फाशी गेलेल्या ४ जणांची प्रेतं कंपनीला मिळायला लागली. हॉलमध्ये सगळ्यांसमोर शवविच्छेदन व्हायचं, मेंबरांना हजेरी सक्तीची, न आल्यास दंड, नंतर जेवण. सतराव्या शतकात त्यासाठी इनिगो जोन्सकडून खास थिएटर बांधून घेतलं, १६६६ च्या मोठ्या आगीत हॉल जळाला पण थिएटर वाचलं. त्याआधी युनिव्हर्सिटीत काय चालायचं तर प्रोफेसर वर खुर्चीत बसून गेलन वाचणार आणि खाली न्हावी कापणार, पुस्तकात आणि प्रेतात फरक दिसला तरी पुस्तक खरं. वेसॅलियसने १५४३ च्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत यावरच कडक टीका केलीय आणि स्वतः सुरी हातात घेतली.

डच चित्रकार रेम्ब्रांटचं शवविच्छेदनाचं १६३२ चं चित्र अॅमस्टरडॅमच्या सर्जन गिल्डने काढून घेतलंय. मध्ये हॅट घातलेला तुल्प हा डॉक्टर, गिल्डचा शरीररचनेचा शिक्षक, आणि भोवतीचे वाकून बघणारे बहुतेक गिल्डचे मेंबर. टेबलावरचा माणूस आरिस किंट, चोरीच्या गुन्ह्यात १६ जानेवारी १६३२ ला फाशी दिलेला.

१२. बायका होत्या का यात?

होत्या. १३११ च्या पॅरिसच्या हुकुमात पुरुष सर्जनबरोबर स्त्री सर्जनचा पण उल्लेख आहे, दोघांनाही परीक्षा द्यायला सांगितलंय. इंग्लंडमध्ये नवरा गेल्यावर विधवेने दुकान आणि शिकाऊ पोरं सांभाळणं गिल्डला मान्य होतं, म्हणजे ती आधीपासूनच काम करत असणार हे उघड आहे. पुढे पुढे गिल्ड कडक झाल्या तसा हा रस्ता बारीक होत गेला.

१३. मग वेगळे कधी झाले आणि का?

एडिंबरा १७२२, फ्रान्स १७४३, लंडन १७४५. कारणं मिसळलेली आहेत. सर्जरी अवघड झाली, शरीररचनेचं ज्ञान वाढलं, हॉस्पिटलं आली, आणि पैसेवाल्या सर्जनना दाढी करणाऱ्यांच्या शेजारी बसायची लाज वाटायला लागली, हे शेवटचं कारण सभ्य इतिहासात कमी सांगतात पण ते मोठं आहे.

फ्रान्समध्ये राजाच्या भगंदरापासून सर्जनचं वजन वाढलं, १७३१ ला सर्जरीची रॉयल अकादमी निघाली, १७४३ ला पंधराव्या लुईने जाहीर केलं की सर्जनने कला शाखेची पदवी घ्यावी आणि न्हाव्यांशी संबंध तोडावा. यामागे लापेरोनी हा राजाचा सर्जन होता, आणि त्याचे वडील स्वतः बार्बर-सर्जन होते. लंडनमध्ये चेसल्डनने जोर लावला. हॉल, चित्रं, चांदीची भांडी सगळं न्हाव्यांकडे राहिलं, सर्जन मोकळ्या हातांनी बाहेर पडले आणि १८०० ला त्यांचं रॉयल कॉलेज झालं.

१४. ब्रिटनमध्ये सर्जनला 'डॉक्टर' न म्हणता 'मिस्टर' का म्हणतात?

याच इतिहासामुळे. डॉक्टर ही युनिव्हर्सिटीची पदवी, ती फिजिशियनकडे. सर्जन गिल्डमधून शिकून आलेले, त्यांना पदवी नव्हती म्हणून मिस्टर. आता सगळेच आधी मेडिकल डिग्री घेतात आणि डॉक्टर होतात, मग सर्जरीच्या परीक्षा पास झाल्या की परत मिस्टर किंवा मिस होतात, आणि त्याचा त्यांना अभिमान असतो.

१५. खरं सांगा, हे भोंदूच होते ना?

नाही. भोंदू वेगळे होते, जत्रेत स्टेज टाकून दात काढणारे, मोतीबिंदू ढकलून दुसऱ्या दिवशी गाव सोडणारे, त्यांच्याविरुद्ध गिल्ड सतत तक्रारी करायच्या. बार्बर-सर्जन त्याच गल्लीत राहायचा, उद्या पेशंटच्या घरच्यांना तोंड दाखवायचं असायचं. गळू, हाड, सांधा, जखम यात त्यांचा हात खरंच बसलेला होता. मेले ते पेशंट बहुतेक जंतुसंसर्गाने मेले आणि तो १८६७ ला ब्रिटिश सर्जन लिस्टरने जंतू मारायला कार्बोलिक अॅसिडचा उपाय मांडेपर्यंत मोठमोठ्या प्रोफेसरांना पण थांबवता आला नाही.

स्पर्धा मात्र विचित्र ठिकाणाहून यायची. न्यूरेंबर्गचा फ्रान्त्झ श्मिट हा शहराचा अधिकृत जल्लाद, १६१७ ला निवृत्त झाल्यावर उपचार करूनच जगला, हाडं आणि सांधे त्याला पक्के माहीत होते.

१६. सगळ्या युरोपात असंच होतं का?

नाही. इटलीत बोलोन्यासारख्या युनिव्हर्सिटीत सर्जरी शिकवली जायची, तिथे शिकलेला सर्जन आणि डॉक्टर यात एवढी दरी नव्हती, न्हावी होते पण खालच्या कामाला. नोर्चा भागातली घराणी पिढ्यानपिढ्या खडे, हर्निया आणि मोतीबिंदू करायची. जर्मन प्रदेशात न्हाव्यांशिवाय सार्वजनिक स्नानगृहं चालवणारे पण तुंबड्या लावायचे, आणि दोन गटांत हद्दीवरून कायम वाद. जर्मन सैन्यातल्या न्हावी-सर्जनची पद्धत रशियाने उचलली, त्यातून आलेला फेल्डशर हा डॉक्टरपेक्षा कमी शिकलेला आरोग्यसेवक रशियाच्या खेड्यांत आजही काम करतो.

१७. याचा आपल्याकडच्या कशाशी थेट संबंध आहे का?

आहे, आणि तो पुण्याचा आहे. टिपू सुलतानाविरुद्धच्या लढाईत इंग्रज फौजेत असलेला कावसजी नावाचा मराठा गाडीवान पकडला गेला, त्याचं नाक आणि एक हात कापला गेला. वर्षभराने पुण्याजवळच्या विटा करणाऱ्या जातीतल्या एका माणसाने त्याला नवीन नाक बसवलं. मुंबई इलाख्याचे थॉमस क्रूसो आणि जेम्स फिंडले हे सर्जन बघायला होते. आधी मेणाचं नाक करून ते चपटं करून कपाळावर ठेवलं, त्याच्या आकाराची कातडी सोलली, भुवयांच्या मध्ये थोडी जोडलेली ठेवली, खाली फिरवून बसवली, वरून पाण्यात मऊ केलेला काथ लावलेल्या कापडाच्या पट्ट्या, आणि साधारण २५ व्या दिवशी तो जोड कापला. ऑक्टोबर १७९४ ला हे लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये चित्रासकट छापून आलं, १८१४ ला जोसेफ कार्प्यू या लंडनच्या सर्जनने त्यावरून ऑपरेशन केलं आणि १८१६ ला त्यावर पुस्तक काढलं. इटलीत तालियाकोत्सीने १५९७ ला दंडाच्या कातडीचं नाक छापलं होतं पण ते मागे पडलं होतं.

म्हणजे लंडनचे सर्जन न्हाव्यांपासून वेगळे होऊन पन्नास वर्षं झाली होती, आणि ते शिकले ते पुण्याच्या विटा करणाऱ्या जातीतल्या हातांकडून. नाव त्या माणसाचं कुणी लिहून घेतलं नाही याचं मला फार वाईट वाटतं.

१८. प्रसिद्ध लोकांपैकी कोणाच्या घरात हा धंदा होता?

संगीतकार हँडेलचे वडील हाल शहरात बार्बर-सर्जन होते, मुलाने वकील व्हावं अशी त्यांची इच्छा होती. स्पॅनिश लेखक सर्वांतेसचे वडील रक्त काढणारे सर्जन. जर्मन कवी शिलरचे वडील सैन्यात याच कामाला.

१९. एव्हबरीचा बार्बर-सर्जन दगडाखाली चिरडून मेला ती गोष्ट खरी आहे का?

सापळा खरा आहे. १९३८ ला उत्खनन करणाऱ्या अलेक्झांडर कीलरला इंग्लंडमध्ये एव्हबरीच्या प्राचीन दगडांपैकी एका पडलेल्या दगडाखाली माणूस सापडला, जवळ कात्री, टोकदार लोखंडी हत्यार आणि १३२० च्या आसपासची चांदीची नाणी. कात्री आणि हत्यारावरून बार्बर-सर्जन म्हणायला लागले. चिरडून मेला म्हणतात, पण नंतर हाडं तपासली तेव्हा चिरडल्याच्या खुणा मिळाल्या नाहीत, आधीच मेलेल्याला तिथे पुरलं असण्याची शक्यता जास्त. दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बहल्ल्यात सापळा नष्ट झाला असं बरीच वर्षं समजत होते, तो नंतर लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये निघाला.

२०. आज हे सगळं बघायचं असेल तर कुठे जायचं?

पोर्ट्समथचं मेरी रोझ म्युझियम पहिल्या नंबरला, पेटी आणि मलमाचे डबे तिथे आहेत. रेम्ब्रांटचं चित्र हेगच्या माउरित्सहाउसमध्ये, आणि गिल्ड जिथे भरायची ती अॅमस्टरडॅमची वाग ही इमारत न्यूमार्क्टवर अजून उभी आहे, सर्जन लोकांचं वेगळं दार बघून या. लंडनची बार्बर्स कंपनी अजून आहे, तिच्या हॉलमध्ये होल्बाइनचं ते मोठं चित्र आहे ज्यात आठवा हेन्री आपला सर्जन थॉमस विकारी याच्या हातात कागद देतोय. हॉल कंपनीचा खासगी आहे, तेव्हा जायच्या आधी चौकशी करा. हेच चित्र पेपिसला १६६८ मध्ये विकत घ्यायचं होतं, २०० पौंडापर्यंत द्यायची तयारी होती, पण आगीनंतर ते इतकं खराब झालेलं दिसलं की त्याने बेत सोडला.